हवा किती भरायची?

गेल्या शनिवारी बाइकचं मागचं चाक बसलं म्हणून करावे गावाच्या तोंडाशी असलेल्या अण्णाच्या टपरीवर गेलो होतो. माझ्या आधी एका पिकपचा नंबर होता. पहाटे वाशीच्या मार्केटला टोमॅटो उतरवून जुन्नरचा ड्रायव्हर करावेत पाहुण्यांकडे आलेला, आता परत निघायच्या आधी हवा भरून घेत होता. उभ्या उभ्या मी चाकं बघत होतो. पुढची दोन एका कंपनीची. मागचं एक नवंकोरं, दुसऱ्या कंपनीचं, आणि चौथं बहुतेक रिमोल्ड. मडगार्डवर पिवळ्या रंगात ठळक लिहिलेलं: हवा ५०.

ड्रायव्हर टॉमीनं एकेक टायर ठोकून आवाज ऐकत होता.

"दादा, पन्नासच भरायची ना?" मी उगाच आगाऊपणा केला.

"ते जुन्या टायरचं आहे हो. हे टायर वेगळे पडलेत."

"मग किती?"

"मालावर असतं ते. आता रिकामी आहे गाडी."

त्याच रात्री टेक्सासमधल्या मावसभावाचा फोटो आला. त्याच्याकडेही पिकप आहे, आपल्या पिकपच्या दीडपट तरी असेल. गेल्या महिन्यात त्यानं चारही टायर बदलून जाडजूड, रांगडे टायर घातले. तेव्हापासून डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह, असा पिवळा दिवा लागलेला आहे. फोटोत दिवा दिसत नव्हता, कारण त्यावर त्यानं काळी चिकटपट्टी लावली होती. खाली लिहिलं होतं, "याला नवीन टायर कळत नाहीत, फिक्स केलं :-)"

दोन पिकप, मध्ये अर्धी पृथ्वी, आणि दोन्ही गाड्यांवर हवेचा आकडा जुन्या टायरचा. म्हटलं, चला, या वीकेंडला हेच खणू.

हा पिवळा दिवा गाड्यांमध्ये आला त्याच्या मुळाशी फायरस्टोन हे नाव आहे, आणि हे नाव आपल्याला परकं नाही. करावेच्या खाडीकाठावर उभं राहिलं की समोर ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पल्याड शिवडी. फ्लेमिंगो बघायला लोक आपल्याकडे चाणक्यच्या मागे येतात तसे तिथेही जातात. त्या शिवडीत फायरस्टोनचा टायरचा कारखाना होता. तिथल्या कामगारांचा बडतर्फीविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७३ चा तो निकाल कामगार कायदा शिकणारी पोरं आजही पाठ करतात. पुढे कंपनी 'बॉम्बे टायर इंटरनॅशनल' झाली आणि अबकारी कराच्या १९८३ मधल्या निकालामुळे ते नाव सी.ए.च्या पुस्तकात जाऊन बसलं. म्हणजे शिवडीच्या टायरनी रस्त्यापेक्षा कोर्टात जास्त नाव कमावलं म्हणायचं. असो. पुढच्या भानगडीशी शिवडीचा काही संबंध नाही. मूळ अमेरिकन फायरस्टोनही १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोननं विकत घेतली.

भानगड अशी. १९९० साली फोर्डनं एक्सप्लोरर नावाची गाडी बाजारात आणली. दिसायला फॅमिली गाडी, पण सांगाडा रेंजर या पिकपचा. आपल्याकडे जीपच्या सांगाड्यावर सात-आठ माणसं बसवणाऱ्या गाड्या आल्या तशातलाच प्रकार. अशी गाडी उंच असते, जोरात वळवली की कलंडू शकते. बाजारात यायच्या आधीच्या चाचण्यांत ही चिंता फोर्डच्या इंजिनीअर लोकांपुढे होतीच. त्यांनी काही बदल केले, त्यातला एक अगदी स्वस्तातला: टायरमध्ये हवा कमी ठेवायची. दारावरच्या स्टिकरवर आकडा छापला २६ पीएसआय. (पीएसआय म्हणजे अण्णाच्या भाषेत पाउंड.)

कमी हवेचा टायर मऊ चालतो आणि रस्त्यावर जरा कमी चावतो. पण तो प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो आणि वाकण्याच्या त्या ऊर्जेचा काही भाग रबरात उष्णता म्हणून साठतो. टायरच्या पोटात स्टीलच्या तारांचे दोन पट्टे असतात. उष्णतेनं त्यांच्यामधला रबराचा जोड सुटत जातो आणि एक दिवस हायवेवर वरचा पट्टा खाचांसकट साल निघाल्यासारखा निघून येतो. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा गरम राज्यांत, भरलेल्या गाडीत, वेगात असताना हे घडायला लागलं. पट्टा सुटला की गाडी खेचली जायची, ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग फिरवायचा आणि गाडी उलटायची.

९ ऑगस्ट २००० ला फायरस्टोननं टायर परत बोलावले. अजून वापरात असतील असे अंदाजे ६५ लाख! त्यातला मुख्य आकार होता २३५/७५ आर १५. जुनी टाटा सफारी ज्यांच्या घरी होती त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या मोजणीत या टायरशी जोडलेले मृत्यू २७० च्या वर गेले.

मग भांडण जुंपलं. फोर्ड म्हणे टायर खराब. फायरस्टोन म्हणे गाडीच उलटणारी, आणि वर तुम्ही हवा २६ सांगितलीत, ३० सांगायला हवी होती. डेकेटर गावातल्या कारखान्याचे टायर जास्त सुटत होते हेही खरं, आणि २६ वर हवा ठेवली की चुकायला जागा कमी उरते हेही खरं. टायरमधून महिन्याला एखादा पाउंड हवा आपोआप जातेच. ३० वरून चार पाउंड गेली तर २६ उरते. २६ वरून चार गेली की २२, आणि गाडीत पाच माणसं नि सामान. मे २००१ मध्ये फायरस्टोननं फोर्डला पत्र पाठवून संबंध तोडले. जवळजवळ शंभर वर्षांची सोयरीक होती ही; हार्वे फायरस्टोन आणि हेन्री फोर्ड मित्र होते, त्यांच्या नातवंडांमध्ये लग्नसंबंध झाला होता.

या सगळ्या गोंधळात अमेरिकन संसदेनं घाईघाईनं एक कायदा केला. १ नोव्हेंबर २००० ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. त्यात एक कलम होतं: टायरमधली हवा बरीच कमी झाली तर चालवणाऱ्याला कळेल अशी यंत्रणा नव्या गाड्यांमध्ये हवी.

यंत्रणा तेव्हा नवीन नव्हती. १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये ती होती. तिथे कारण वेगळं होतं. त्या गाडीचे टायर हवा गेली तरी काही अंतर धावायचे, त्यामुळे हवा गेलीय हे ड्रायव्हरला कळणारच नाही अशी भीती. पण तो श्रीमंतांचा खेळ. आता दीड कोटी गाड्यांत दरवर्षी बसवायची म्हटल्यावर कंपन्या स्वस्त पर्याय शोधू लागल्या.

तो पर्याय मला इंजिनीअर म्हणून फार आवडला. ब्रेकच्या एबीएससाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आधीच असतो. हवा कमी झाली की चाकाचा व्यास किंचित घटतो, म्हणजे तेच अंतर कापायला ते किंचित जास्त फिरतं. बाकी तिघांपेक्षा एक चाक जास्त फिरतंय असं दिसलं की दिवा लाव. नवीन हार्डवेअर शून्य, नुसता कोड! पण यात एक बग आहे, तो वाचकांपैकी टेस्टर मंडळींच्या एव्हाना लक्षात आला असेल. चारही टायरमधली हवा सारखीच कमी झाली तर? आणि घरच्या गाडीचं बहुतेक वेळा हेच तर होतं, सहा महिने कोणी हवाच बघत नाही. मग चौघं एकमेकांशी अगदी जुळतात आणि दिवा गप्प.

तरीही २००२ च्या पहिल्या नियमात कंपन्यांना हा स्वस्त पर्याय निवडायची मुभा होती. पब्लिक सिटिझन ही ग्राहकांची संघटना कोर्टात गेली आणि ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानं तो नियम रद्द केला. एप्रिल २००५ मध्ये नवा नियम आला: एक किंवा चारही टायर, स्टिकरवरच्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेले की २० मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे. १ सप्टेंबर २००७ नंतरच्या, १०,००० पौंड (साधारण साडेचार टन) एकूण वजनापर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्ती. त्यात पिकपही आल्या, मागे जोडचाकं असलेल्या सोडून. युरोपनं २०१२ ते २०१४ मध्ये आधी मोटारींना आणि २०२२ ते २०२४ मध्ये ट्रक, व्हॅन, ट्रेलर यांनाही सक्ती केली.

आता परत वाचा: स्टिकरवरच्या आकड्याच्या २५ टक्के खाली.

म्हणजे सगळं महाभारत ज्या स्टिकरवरून झालं, त्यालाच यंत्रणेनं प्रमाण मानलं. २६ चा पाऊण म्हणजे साडेएकोणीस. (साध्या मोटारीच्या टायरसाठी नियमानं २० ही तळाची मर्यादा घातली, एवढाच काय तो फरक.) टायर कंपन्यांची संघटना ओरडत होती की इतक्या खाली येईपर्यंत गप्प बसणारा दिवा लोकांना गाफील करेल. दिवा नाही म्हणजे हवा ठीक, असंच लोक समजणार. आणि खरंच, आपण तसंच समजतो.

पिकपच्या बाबतीत हे जास्त नडतं. मोटारीचे टायर मालक सहसा होते तसेच घालतो. पिकपवाला बदलतो: माल जास्त भरायचा म्हणून जाड, शेतात जायचं म्हणून खोल खाचांचे, किंवा नुसता रुबाब म्हणून मोठे. मालवाहू जातीच्या जाड टायरला तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. समजा स्टिकरवर ३५ आहे आणि मालकानं साधे टायर काढून जाड घातले. आता माल भरल्यावर त्याला ४५ नाही तर ५० हवी. पण दिव्याला अजून ३५ च माहीत आहे, तो २६ च्या आसपास जागा होणार. चाळीसवर टायर आतून शिजत असेल आणि डॅशबोर्ड अगदी शांत! आपल्या धंद्यात याला हार्डकोड केलेला कॉन्स्टंट म्हणतात. प्रोग्रॅम बरोबर चालतो, फक्त जगाचा आकडा बदललेला असतो.

नियम करणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं असं नाही. बाजारात हजारो प्रकारचे टायर, प्रत्येकाबरोबर यंत्रणा चाललीच पाहिजे असं कंपन्यांवर लादणं त्यांना शक्य वाटलं नाही. त्यांनी मधला मार्ग काढला. यंत्रणाच बिघडली, किंवा नव्या टायर-रिममुळे तिला नीट काम करता येईनासं झालं, तर तोच दिवा आधी ६० ते ९० सेकंद उघडझाप करेल आणि मग सतत लागून राहील. नुसती हवा कमी असेल तर उघडझाप न करता थेट लागेल. एकाच दिव्याच्या दोन भाषा. मॅन्युअलच्या कुठल्यातरी पानावर हे लिहिलेलं असतं. मॅन्युअल कोण वाचतं ते आपण जाणतोच.

थोडं विषयांतर करतो, राहवत नाही. थेट हवा मोजणारा सेन्सर व्हॉल्व्हच्या मागे रिमवर बसतो. आत छोटी बॅटरी आणि रेडिओ, अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे ४३३. बॅटरी सात ते दहा वर्षं चालते, मग अख्खा सेन्सर बदला. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे रेडिओ ऐकून बघितले. ना एन्क्रिप्शन, ना पासवर्ड. प्रत्येक सेन्सर आपला कायमचा ओळखक्रमांक उघड्यावर ओरडत होता आणि तो ४० मीटरवरून ऐकू येत होता. शेजारून धावणाऱ्या गाडीत बसून त्यांनी दुसऱ्या गाडीतला हवेचा दिवा खोटाच लावूनही दाखवला. हवा मोजायला बसवलेलं यंत्र चालत्या गाडीचा पत्ता सांगत फिरतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बरं, आपल्याकडे काय? आपल्याकडे हा दिवा वेगळ्याच दारानं आला, स्टेपनीच्या. हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय की तो वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव आहे हे ऐकून मी थक्क झालो. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवायला सुरुवात केली, कारण तोवर मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून स्टेपनी. इंग्रज शब्द विसरले, आपण ठेवला. तर जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल तर कंपनीनं स्टेपनी दिली नाही तरी चालेल. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ही यंत्रणा कशी असावी हेही सांगितलं, पण 'बसवली असेल तर'. माझ्या मते सगळी गोम या तीन शब्दांत आहे. तिकडे माणसं मेली म्हणून सक्ती आली. इकडे डिकीत जागा आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा व्हावी म्हणून सवलत आली. त्यामुळे दिवा मिळतो तो मोटारींच्या वरच्या मॉडेलमध्ये. टोमॅटो आणणाऱ्या पिकपला टॉमी आहे.

आणि हवेची खरी गरज त्या पिकपलाच. सकाळी दीड टन, दुपारी रिकामी. खालच्या पाट्याच्या स्प्रिंगा ते सहन करतात. टायरला मात्र दोन्ही वेळा वेगळी हवा हवी. टायरवर १० पीआर, १२ पीआर असं लिहिलेलं असतं. टायरच्या पोटात सुती दोऱ्यांचे थर असायचे त्या काळातला हा हिशेब आहे. बारा थर म्हणजे इतकं वजन. आता दोरे नायलॉनचे किंवा तारा पोलादाच्या, थर दोन-चारच, पण आकडा 'बारा थरांएवढी ताकद' या अर्थानं टिकून राहिला. कडेला छापलेला पीएसआयचा आकडा तर आणखी फसवा. पूर्ण वजन पेलायला किती हवा लागेल ते तो सांगतो. तुमच्या गाडीत, तुमच्या मालाला किती भरायची ते नाही. बरेच लोक तोच धरून भरतात.

दुसरा गैरसमज उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये लांब जायचं तर हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल, असं प्रत्येक घरात एक काका सांगतात. पस्तीस पाउंडाच्या टायरमध्ये साधारण साडेपाच अंशामागे एक पाउंड वाढतो, ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो आणि स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. आधीच कमी हवा घालून निघालात तर टायर जास्त वाकून जास्त तापणार. म्हणजे एक्सप्लोररचाच प्रयोग आपल्या खर्चानं.

समृद्धी महामार्गाच्या वेळी हे सगळं पुन्हा वर आलं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि गावात ४०-५० नं फिरणारे टायर तासन्‌तास शंभराच्या पुढे धावू लागले. टायर फुटून अपघात झाल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागानं टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवल्या. पण तपासता येते ती खाच. नियमात १.६ मिलिमीटर लिहिलंय, पट्टी लावली की झालं. हवेचं तसं नाही. किती हवी तेच कागदावर नसेल तर इन्स्पेक्टर मोजून करणार काय? शिवाय 'टायर फुटला' हे उत्तर सोयीचंही असतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली तेव्हा पहिल्यांदा तेच सांगितलं गेलं होतं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा सापडला नाही.

त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचा एक निकाल गाजला. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला येणाऱ्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी दरीत गेली, ३८ वर्षांचा एक माणूस गेला. घरातला तो एकटाच कमावता होता. सव्वा कोटीच्या आसपास भरपाई मंजूर झाली, त्यावर विमा कंपनी अपिलात गेली. म्हणणं काय, तर टायर फुटणं ही देवाची करणी आहे. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची नैसर्गिक घटना. टायर फुटायला कारणं असतात, आणि ती निकालात मोजली आहेत: जास्त वेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर, तापमान. प्रवासाआधी टायर बघून घेणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम.

निकाल मला पटतो. त्या घरच्यांना पैसे मिळायलाच हवे होते. पण हे वाचताना सारखा तो जुन्नरचा ड्रायव्हर डोळ्यांसमोर येत होता. उद्या आळेफाट्याच्या रस्त्यावर काही झालं तर कोर्ट त्याला विचारणार, हवा तपासली होती का? तो म्हणेल, तपासली होती. पण कशाशी ताडून? दारावरचं स्टिकर आठ वर्षांच्या उन्हानं पांढरं पडलेलं, मडगार्डवरचा आकडा आधीच्या टायरचा, चारातले तीन टायर तीन जातीचे. अण्णाच्या पंपाचा काटाही मी नीट बघितला, रिकामा असताना तो तीनवर उभा होता.

भावाला मी रात्री एवढंच विचारलं, "पट्टी काढ आणि गाडी चालू कर. दिवा आधी लुकलुकतो का?"

अर्ध्या तासानं उत्तर आलं. लुकलुकत नाही, थेट लागतो. म्हणजे यंत्रणेला नवे टायर अगदी व्यवस्थित कळत होते. मग त्यानं दार उघडून स्टिकर वाचलं: पुढे ६०, मागे ८०. टायर बदलणाऱ्या दुकानानं चारही चाकांत सरसकट ५० भरून दिली होती. ८० चा पाऊण ६०, मागची दोन्ही चाकं त्याच्या खाली. महिनाभर तो दर शनिवारी मागे बोटीचा ट्रेलर अडकवून, दोन पोरांना घेऊन तळ्यावर जात होता.